नाव बदललं म्हणजे काय बदललं? कारवी, कुडा, खैर आणि वनस्पतिशास्त्राची नामव्यवस्था



वनस्पतिशास्त्रज्ञांवर एक आरोप नेहमी होतो, आणि तो करणारे बहुतेक वेळा झाडांवर प्रेम करणारेच असतात. आरोप असा, की ही मंडळी झाडांची नावं सारखी बदलतात. एक नाव पाठ करावं, तर दहा वर्षांनी दुसरं. यांच्या शास्त्रात काही पक्कं आहे की नाही? आज आम्ही हा आरोप तपासणार आहोत. त्यातला अर्धा भाग आम्हाला मान्य नाही. उरलेला अर्धा मान्य आहे, पण आरोप करणारे ज्या कारणासाठी तो करतात त्या कारणासाठी नाही.

कारवीपासून सुरुवात करू. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत कारवी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. माहुलीच्या उतारावर, माळशेजच्या खाली, वैशाखऱ्याहून नाणेघाटाकडे चढणाऱ्या वाटेवर ती माणसाच्या डोक्यावर जाते. तिच्या काठ्यांचे कूड बांधायचे, वरून शेणमातीचा लेप द्यायचा, अशा घरांत इथल्या ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या राहिल्या. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा करते, बी धरते आणि वाळून जाते.

या कारवीचं बारसं नेस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३२ साली केलं. नाव ठेवलं स्ट्रोबिलँथेस कॅलोसा. थिओडोर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, आणि त्यातही कारवी याच प्रजातीत आहे. (जुन्या पुस्तकांत ‘कॅलोसस’ दिसेल, आता ‘कॅलोसा’ लिहितात. लॅटिनमधलं लिंग कोणतं यावरून झालेला हा बदल आहे, त्यात आपण वेळ घालवायला नको.) पुढे १९४४ साली ब्रेमेकांप या डच अभ्यासकाने परागकण, बिया वगैरे बारकावे पाहून स्ट्रोबिलँथेस ही अवाढव्य प्रजाती फोडली आणि तिच्या अनेक प्रजाती केल्या. त्यातली एक प्रजाती आपल्या कारवीसाठी होती, आणि तिला नाव दिलं ‘कार्व्हिया’. म्हणजे आपल्या डोंगरातला शब्द लॅटिनचं धोतर नेसून उभा राहिला! पुढे कित्येक वर्षं भारतातल्या पुस्तकांत ‘कार्व्हिया कॅलोसा’ छापलं जात होतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुन्हा तपासणी झाली. ब्रेमेकांपने पाडलेले तुकडे एकमेकांपासून नीट वेगळे राहत नाहीत, असं अभ्यासकांना दिसलं, आणि कारवी परत स्ट्रोबिलँथेसमध्ये गेली. ‘कार्व्हिया’ हे नाव आता समानार्थी नावांच्या यादीत आहे.

याचं आम्हाला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हे प्रमाण नव्हे. ब्रेमेकांपने काही एक दावा केला होता, तो खोडता येण्यासारखा होता, आणि तो खोडला गेला. एखादं शास्त्र शंभर वर्षं एकही नाव बदलत नसेल, तर आम्हाला त्याच्या पक्केपणापेक्षा त्याच्या झोपेचीच शंका येईल.

इथे शब्दांबद्दल थोडं बोलायला हवं. मराठी परिभाषेत खालच्या पायरीला ‘जाती’ म्हणतात, तिच्या वरच्या गटाला ‘प्रजाती’ आणि त्याच्याही वरच्या गटाला ‘कुल’. आजची वर्तमानपत्रं मात्र हिंदीच्या प्रभावाखाली जातीलाच ‘प्रजाती’ म्हणतात. मग ‘कारवीची प्रजाती बदलली’ हे वाक्य वाचणाऱ्याला झाडच बदललं असं वाटतं! जे शास्त्रज्ञांच्या नावबदलांना हसतात, त्यांनी आपल्या भाषेतला हा घोळही एकदा पाहावा. ‘जाती’ हा शब्द आपल्या समाजात उच्चारायला जड जातो, म्हणून लोक तो टाळत असतील. ते आम्ही समजू शकतो. पण शास्त्रात तो शब्द टाळला की दोन पायऱ्या एकच होऊन बसतात.

बरं, सगळे नावबदल कारवीसारखे असतात का? नाही. पुष्कळसे बदल झाडाविषयी काहीच नवं सांगत नाहीत, ते निव्वळ कायद्याचे असतात. मोहाचं बघा. जुन्या ग्रंथांत मोहाची प्रजाती ‘बॅसिया’ आहे. पण ‘बॅसिया’ हे नाव त्याआधी, १७६६ साली, दुसऱ्याच एका वनस्पतीला दिलेलं होतं. एक नाव दोन प्रजातींना चालत नाही, आधीचा मालक तो खरा. म्हणून मोहाला ‘मधुका’ मिळालं, आणि त्यात आपला संस्कृतमधला मधूक बसलेला आहे. पळसाचं नाव ब्यूटिया फ्रोंडोसा होतं. ते रॉक्सबर्गने दिलेलं. पण त्याच्याआधी लामार्कने पळसाला पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून ‘मोनोस्पर्मा’ म्हटलं होतं. प्रजाती चुकली, तरी ‘मोनोस्पर्मा’ हा शब्द आधीचा, म्हणून १८९४ साली ब्यूटिया मोनोस्पर्मा झालं. अशा वेळी पहिल्या नाव देणाऱ्याचं नाव कंसात ठेवतात. लग्नपत्रिकेत सुनेचं माहेर कंसात घालतात ना, अगदी तसंच. घर बदललं तरी मूळ कुठलं हे लपवायचं नाही.

या कायद्याची सुरुवात १ मे १७५३ पासून धरतात. लिनियसच्या ग्रंथासाठी ही तारीख ठरवून घेतली आहे. त्याआधीची नावं मोजत नाहीत. नाव आणि झाड यांची गाठ कशाने बांधायची याचंही उत्तर कायद्यात आहे. ही गाठ वर्णनाने बांधलेली नसून एका वाळवलेल्या फांदीने बांधलेली असते. जातीला नाव देताना हर्बेरियममधला एक नमुना दाखवायचा. तो त्या नावाचा प्ररूप. १ जानेवारी १९५८ पासून प्ररूप न सांगता दिलेलं नाव ग्राह्यच धरत नाहीत.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे ऐकून गंमत वाटते. सॉल क्रिप्केने १९७० साली प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत मांडलं, की नाव म्हणजे गुणांची यादी नव्हे. वस्तूचं एकदा बारसं होतं, आणि पुढे ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे साखळीने जातं. वर्णन खोटं ठरलं तरी नाव त्याच वस्तूला चिकटून राहतं. वनस्पतिशास्त्रज्ञ हे आधीपासून कागदावर फांदी चिकटवून करत होते. क्रिप्केच्या साखळीचं पहिलं टोक कुठे असतं हे कुणी विचारलं, तर आम्ही त्याला ब्लॅटर हर्बेरियमचं एखादं कपाट उघडून दाखवू.

आता या पद्धतीचं कौतुक संपवून तिची किंमत पाहू. त्यासाठी कुड्याकडे यायला हवं.

मुरबाडच्या माळांवर, शहापूरच्या बांधावर उन्हाळ्याच्या शेवटी पांढरी फुलं येणारा कुडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आमांश, अतिसार झाला की त्याच्या सालीचा काढा. आयुर्वेदात तो कुटज, त्याचं बी ते इंद्रजव, आणि त्याच्यापासून कुटजारिष्ट. त्याच्यासारखाच दिसणारा, पण औषधात तेवढा न चालणारा काळा कुडाही इथेच असतो. वनस्पतिशास्त्रात हे दोघे वेगवेगळ्या प्रजातींत आहेत, पांढरा होलॅरेना आणि काळा राइटिया. व्यापारात पांढऱ्याच्या सालीत काळ्याची साल मिसळतात ही जुनी तक्रार आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पुं-कुटज आणि स्त्री-कुटज असा भेद येतो. तो नर-मादीचा भेद नाही. पानं, फुलं, फळं यांतला फरक पाहून दोन प्रकार वेगळे काढण्याचा तो प्रयत्न आहे. म्हणजे कुडे एकाहून अधिक आहेत ही जाण आपल्याकडे जुनी आहे.

या पांढऱ्या कुड्याचं नाव होतं होलॅरेना अँटिडिसेंटेरिका. दुसऱ्या शब्दाचा अर्थ सरळ ‘आमांशावरचा’. यापेक्षा बरं नाव कुणी काय देणार? पण ‘आमांशावरचा’ हा शब्द लिनियसने वापरला तेव्हा त्याच्यासमोरचा नमुना श्रीलंकेतल्या एका राइटियाचा निघाला. नावाची गाठ त्या फांदीशी. त्यामुळे आज ‘अँटिडिसेंटेरिका’ हे नाव कायद्याने त्या झुडपाचं आहे. रोपवाटिकेत पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचं शोभेचं झाड म्हणून ते विकायला असतं. आणि ज्याने पिढ्यान्‌पिढ्या आमांश बरा केला तो आपला कुडा झाला होलॅरेना प्युबेसेन्स, म्हणजे ‘लवदार’.

कायद्याच्या दृष्टीने इथे काहीही चुकलेलं नाही. नावाचं काम निर्देश करणं आहे, गुण सांगणं नाही, हे संहितेच्या प्रास्ताविकातच म्हटलेलं आहे. आमचा आक्षेप इथेच आहे. संहिता समजून चालते, की नाव वाचणारा माणूसही नावात अर्थ शोधत नाही. प्रत्यक्षात औषधाचं दुकान, आयुर्वेद महाविद्यालय, रोपवाटिका आणि आंतरजालावर शोधणारा रुग्ण हे सगळे अर्थ शोधतात. भारताच्या आयुर्वेदीय औषधकोशात कुटजासमोर अजून जुनंच नाव आहे. उद्या कुणी ते नाव नव्या यादीत शोधेल आणि शोभेच्या झुडपापाशी पोहोचेल. प्ररूपाची पद्धत तर्काला निर्दोष आहे. पण तिच्या निकालाची अंमलबजावणी गावापर्यंत करण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. न्यायालयाने निकाल द्यावा आणि तो तलाठ्याला कळूच नये, अशातला हा प्रकार आहे.

आणि हा कायदा नेहमी आंधळेपणाने, सगळ्यांना सारखा लागू होतो का? खैराचं प्रकरण पाहू, म्हणजे कळेल.

काथोडी किंवा कातकरी हे नावच काथावरून पडलं. खैराचं लाकूड तासून, उकळून काथ काढणारे ते काथोडी. तो धंदा कधीच मोडला, झाड आणि नाव राहिलं. खैर हा अकेशिया कॅटेचू, बाभूळ ही अकेशिया निलोटिका. ‘अकेशिया’ हा शब्द ग्रीकांनी इजिप्तमधल्या बाभळीसाठी वापरला, त्याच्या मुळाशी काटा आहे, आणि प्रजातीचा प्ररूपही बाभूळच होती. पुढे संशोधनात दिसलं, की अकेशिया नावाखाली एकमेकांपासून दूरचे अनेक गट कोंबलेले आहेत. ते फोडायला हवेत याबद्दल फारसा वाद नव्हता. नियमाप्रमाणे मूळ नाव बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं. पण सगळ्यांत मोठा गट ऑस्ट्रेलियातला होता, सुमारे हजार जातींचा. इतकी नावं बदलण्याऐवजी प्ररूपच बदलून ऑस्ट्रेलियातली एक जाती प्ररूप करावी, असा प्रस्ताव आला. २००५ साली व्हिएन्नाच्या काँग्रेसमध्ये मतदान झालं. सुमारे ५५ टक्के मतं प्रस्तावाविरुद्ध पडली. पण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के लागतात, असा नियम लावण्यात आला. म्हणजे बहुमत हरलं. २०११ साली मेलबर्नला, ऑस्ट्रेलियातच, त्यावर शिक्कामोर्तब झालं.

तेव्हापासून आपली बाभूळ झाली वॅचेलिया. वॅचेल हे मकावमध्ये राहिलेले एक पाद्री, त्यांच्यावरून. आणि काथोड्यांचा खैर झाला सेनेगलिया, म्हणजे आफ्रिकेतल्या सेनेगलवरून. ऑस्ट्रेलियातल्या ज्यांना बहुतेक काटेच नाहीत, त्यांच्याकडे काट्याचं नाव गेलं.

फूट पाडणं हे ज्ञान होतं, त्याला आमचा विरोध नाही. नाव कुणाकडे राहावं हा निर्णय मात्र सोयीचा होता, आणि सोय कुणाची हे संख्येने ठरलं. जातींच्या संख्येने, बरं का. त्या झाडांवर जगणाऱ्या माणसांच्या संख्येने नव्हे. आफ्रिका आणि भारत मिळून बाभूळ-खैराबरोबर जगणारी माणसं किती असतील, हा प्रश्न त्या मतदानात धरलेलाच नव्हता. कुड्याच्या वेळी आपल्याला सांगितलं जातं, की नियम तो नियम, अर्थ बघायचा नाही. अकेशियाच्या वेळी नियम वाकवला जातो, कारण सोय बघायची असते. दोन्ही गोष्टी एका तोंडाने बोलता येत नाहीत.

२०२४ साली माद्रिदच्या काँग्रेसने आणखी एक पाऊल टाकलं. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांसाठी शिवीसारखा वापरला गेलेला ‘काफ्रा’ हा शब्द दोनशेहून अधिक नावांतून काढून ‘आफ्रा’ करण्याचं ठरलं. नावात अर्थ असतो, तो दुखावतो, हे या निर्णयाने मान्य केलं. आम्ही त्याचं स्वागत करतो. मात्र नव्या नावांवर आक्षेप घेण्याची जी सोय झाली, ती २०२६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या नावांपुरती आहे. मागचं मागे.

मागचं म्हणजे काय, हे नाणेघाट चढून पलीकडे जुन्नरला गेलं की कळतं. तिथल्या कड्यांवर, शिवनेरीवर, शिंदळ माकुडी नावाची एक मांसल वनस्पती आहे. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात नुसते दांडे, आणि तपकिरी-लाल चांदणीसारखं फूल. डालझेलने १८६०च्या दशकात तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून फ्रेरिया, आणि भारतातली म्हणून इंडिका. पुढे ती कॅरालुमा या प्रजातीत घातली गेली. तिथे ‘इंडिका’ नावाची दुसरी वनस्पती आधीच होती, म्हणून हिला ‘फ्रेरी’ म्हणावं लागलं. मग ती बॉसेरोसिया फ्रेरी झाली. २०१७ साली ब्रुइन्स यांनी या सगळ्या गटाला सेरोपेजियात, आपल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीत, विलीन केलं आणि ती सेरोपेजिया फ्रेरी झाली. पाहिलंत? चार घरं बदलताना भारताचं नाव वाटेत गळालं आणि गव्हर्नर प्रत्येक बिऱ्हाडात सामानासकट आले. हेच फ्रिअर पुढे दक्षिण आफ्रिकेत उच्चायुक्त झाले आणि १८७९ च्या झुलू युद्धाला कारण ठरले. कायद्यात याला काही उपाय नाही.

इथे केवळ भावनेचा प्रश्न नाही. फ्रेरिया ही एकाच जातीची प्रजाती होती, जगात दुसरी बहीण नसलेली. संवर्धनासाठी पैसे मागताना हा युक्तिवाद वजनदार असतो. सेरोपेजियात ती शेकडो जातींतली एक आहे. कड्यावरचं एकही रोप कमी झालं नाही, तरी अर्जातलं वजन कमी झालं.

मग गट खरे असतात, की आपण पाडतो? आपल्या न्याय-वैशेषिकांनी हा प्रश्न फार बारकाईने चर्चिला आहे. अनेकांत आढळणारा प्रत्येक समान धर्म ही ‘जाती’ नसते, काही नुसत्या ‘उपाधी’ असतात. उदयनाचार्यांनी जातीला बाध आणणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या, त्यांतली एक ‘संकर’. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडून राहत असतील, तर ते दोन्ही जाती होऊ शकत नाहीत. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्याचं नेहमीचं उदाहरण. वनस्पतिशास्त्राची उतरंडही हेच मागते. डब्यात डबा पूर्ण बसला पाहिजे, अर्धा आत अर्धा बाहेर चालणार नाही. स्ट्रोबिलँथेसचे तुकडे टिकले नाहीत याचं कारण नैयायिकाला दोन वाक्यांत समजलं असतं. फरक एवढाच, की त्याची जाती नित्य होती आणि डार्विननंतरच्या जातीला जन्म आहे, मरण आहे, वंशावळ आहे. सागाला त्याच्या जुन्या कुलातून काढून तुळशीच्या कुलात नेलं, ते या वंशावळीच्या बळावर. त्याचं नाव मात्र तेच राहिलं, टेक्टोना ग्रँडिस. कुटुंब बदललं आणि नाव तसंच, असंही होतं. म्हणून नावबदल मोजून शास्त्राची स्थिरता मोजता येत नाही.

लोकांची नावं मात्र स्थिर, असं म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. ‘ब्राह्मी’ म्हणून दोन अगदी भिन्न वनस्पती विकल्या जातात, ‘शंखपुष्पी’ म्हणून तीन. ठाकर बाई शेवळं ओळखताना चुकत नाही, कारण चुकली तर घशाला खाज सुटते, काकड घालून शिजवावं लागतं हे तिला ठाऊक आहे. तिचं ज्ञान पक्कं आहे ते तिच्या डोंगरापुरतं. वस्तू गाव सोडून ट्रकमध्ये चढली की ते ज्ञान मागे राहतं.

शहापूरची गुळवेल अशीच ट्रकमध्ये चढली. कातकरी तरुणांनी उभ्या केलेल्या इथल्या वनधन केंद्राला गुळवेलीसाठी मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक मागणी आली, ही बातमी २०२१ साली देशभर गाजली. त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचा निबंध प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाचं उत्तर होतं, की घेतलेली वनस्पती कोणती हे नीट तपासलेलं नाही. ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेल, नसून टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकेल. निकाल कुणाच्या बाजूने लावायचा हे आमचं क्षेत्र नाही. पण वाद कशावर अडला ते पाहा. वेलीच्या नावावर! जे नाव कालपर्यंत ‘पंडितांची हौस’ होतं, ते एका दिवसात यकृताचा आणि एका आदिवासी केंद्राच्या रोजीरोटीचा प्रश्न झालं.

क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, आणि गोळा करणारा कातकरी तो फरक बोटांनी सांगेल. पण त्याची साक्ष कागदावर नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. आम्ही पाहिलेल्या एका नोंदवहीत स्थानिक नावाचा रकाना अर्धा रिकामा होता, आणि शास्त्रीय नावाचा पूर्ण भरलेला, एका जुन्या पुस्तकावरून उतरवून. खैर तिथे अकेशियाच होता, हे क्षम्य आहे. पण कुठल्या टेकडीवरचा, कुणी दाखवला, कधी, याचा पत्ता नाही. हे उलटं आहे. शास्त्रीय नाव पुढे कधीही दुरुस्त करता येतं, फांदी असेल तर. फांदी नसेल तर काहीच दुरुस्त करता येत नाही.

गुळवेलीला फुलं येतात ती बहुधा पानं झडलेली असताना, आणि नर-मादी वेल वेगळे. तेव्हा नमुना एकदा फुलांचा आणि एकदा पानांचा घ्यावा लागेल, त्याच वेलीचा, खूण करून. वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं, एक प्रत तालुक्याला आणि एक पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे. दाखवायला येणाऱ्या माणसाची दोन दिवसांची मजुरी बुडेल. समितीने आधी तिची तरतूद करावी, मग लॅटिन नावाचा रकाना भरावा.